प्रमुख वक्त्याचं राहिलेलं पान

मी हॉस्पिटलमध्ये नोकरी करते हे कळलं, की लोक मला जीभ काढून दाखवायचे. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या इमारतीत कुणी पायाची सूज घेऊन दाराशी यायचं, कुणी गोळ्यांची पट्टी घेऊन. "वहिनी, ही जेवणाआधी की नंतर?" मी सांगायचे, "अहो, मी औषधं देत नाही. मी कागद सांभाळते." त्यावर समोरच्याचा चेहरा असा पडायचा, की जणू मीच त्याला फसवलं. एका शेजारणीने तर जिना उतरता उतरता नवऱ्याला ऐकवलं, "म्हणजे क्लार्कच की." क्लार्क तर क्लार्क. पण याच क्लार्कने एका नामांकित सर्जनला भर मंगल कार्यालयात नऊ वर्षं राहिलेला गृहपाठ करायला बसवलं होतं. ती हकीगत आज सांगते. नावं बदलली आहेत. रुग्णाचं नाव बाहेर बोलायचं नाही ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटत नाही.

आमची रेकॉर्ड रूम ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती. एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला शवागार. जे जे कुणाच्या नजरेला पडू नये ते सगळं बांधणाऱ्यांनी एका ओळीत बसवून टाकलं होतं. रुग्ण घरी गेला, की त्याचे सगळे कागद एका फाइलमध्ये बांधून आमच्याकडे येत. डॉक्टरांची तपासणी, नर्सचे तक्ते, रक्ताचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, सगळं. पुढे पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा आला, तर त्याची फाइल पाच मिनिटांत वर वॉर्डात पोचली पाहिजे. आमचं काम एवढंच. ऐकायला सोपं वाटतं.

आता एक गोष्ट जरा समजावून सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. फायली आम्ही ओळीने एक, दोन, तीन अशा लावत नव्हतो. तसं लावलं, तर नव्या फायली सगळ्या एकाच टोकाला येतात, तिथेच गर्दी होते आणि तिथेच चुका होतात. म्हणून फाइल लावायची ती तिच्या नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून. नंबर कितीही मोठा असो, शेवटी सत्तावीस असेल, तर ती सत्तावीसच्या कप्प्यात. असे शंभर कप्पे, सगळे सारखे भरत जातात. आणि फाइल बाहेर काढली, की तिच्या जागी एक लाल कार्ड ठेवायचं, त्यावर ती कुठे गेली आणि कुणी नेली ते लिहायचं. फाइल परत आली, की कार्ड निघतं. वर्षभरात ही पद्धत इतकी अंगात भिनते, की माणूस दुसऱ्या कुठल्या रीतीने विचारच करत नाही. घरची लाइटबिलंसुद्धा मी शेवटच्या दोन आकड्यांनी लावायचे. आमचे हे बिचारे कपाटासमोर उभे राहून म्हणायचे, "अगं, मार्च महिन्याचं बिल हवंय, मार्च!"

माझ्याबरोबर यशवंत होता. चेंदणी कोळीवाड्यातला, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, हुद्दा अटेंडंट. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि सह्या मात्र पाठ. कागदाचा कोपरा पाहून तो सांगायचा, "बाई, ह्यो वरच्या मजल्यावरचा डोळ्यांचा डाक्टर. सही करताना घाईत हाय, शेपूट काढली नाय." शिडीवर चढून हात घालायचा तो नेमका हव्या त्या फायलीवर. मी त्याला साहेब म्हणत नव्हते, पण म्हणायला हवं होतं.

आमच्या खोलीत दाराशेजारी एक वेगळा रॅक होता. त्याला आम्ही 'अपुरं' म्हणायचो. ज्या फायलींत डॉक्टरांनी काहीतरी लिहायचं ठेवलंय, कुणाची सही राहिलीय, कुणाचं निदान, त्या तिथे उभ्या. त्या पुऱ्या करून घेण्यासाठी मी डॉक्टरांच्या मागे फिरायचे. कँटीनमध्ये गाठायचे, लिफ्टमध्ये गाठायचे. एका डॉक्टरांच्या तर साखरपुड्याला फाइल घेऊन गेले होते. "बाई, आज तरी सोडा," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, एकच सही. अंगठी घालायला हात मोकळा होईल." केली बापड्याने. डॉक्टर मंडळी वाईट नसतात. माणूस बरा होऊन घरी गेला, की त्यांच्या लेखी काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं.

आणि एक नियम मी कधी मोडला नाही. जे जेव्हा लिहिलं त्यावर तेव्हाचीच तारीख. मागची तारीख घालून द्यायची नाही, कुणी कितीही रडो. डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे लागोपाठ चार सोमवार आले. मुलीची पत्रिका जमत नव्हती, आणि ज्योतिषीबुवांनी सांगितलं होतं, की जन्मवेळ अकरा मिनिटं आधीची असती तर सगळे गुण जुळले असते. जन्म आमच्या हॉस्पिटलातला.

"अकरा मिनिटं फक्त मागे घ्या," ते हात जोडून म्हणाले. "अकरा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"बिघडत नसेल, तर बदलायची कशाला?" मी म्हटलं.

ते रागावून गेले. वर्षाच्या आत पेढे घेऊन आले. दुसरं स्थळ मिळालं होतं आणि ती मंडळी पत्रिकाच बघत नव्हती. पेढा हातावर ठेवताना म्हणाले, "तुम्ही फार कडक आहात हो, कारखानीसबाई." मी ते कौतुक समजून घेतलं.

तर यशवंतची मोठी बहीण हिराबाय. बाजारात मासे विकायची. आवाज असा, की तिच्या पाटीसमोर घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी दिवाळीनंतर ती दोनदा पोट फुगून आमच्याकडे भरती झाली. दोन्ही वेळा सलाइनवर निभावलं, जुनी फाइल कुणी मागवली नाही, घरी गेली. पण खाल्लेलं अंगी लागेना, हातापायांच्या काड्या झाल्या. त्याच्या नऊ वर्षं आधी तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात तातडीने झालं होतं. आताच्या सर्जन डॉक्टर मेधा यांनी फाइल मागवली. यशवंतने ती तिसऱ्या मिनिटाला वर नेली, आणि दहा मिनिटांनी डॉक्टर मेधा स्वतः खाली रेकॉर्ड रूममध्ये आल्या.

"कारखानीसबाई, यात ऑपरेशनची नोंद कुठेय?"

मी पान उघडून पाहिलं. भूल दिल्याचा तक्ता होता, नर्सच्या नोंदी होत्या, संमतीवर हिराबायचा अंगठा होता. ऑपरेशनच्या पानावर तारीख, वेळ, आणि खाली एका ओळीत इंग्रजीत खरडलेलं, 'नोट्स टू फॉलो'. सविस्तर मागाहून लिहितो. पुढे सगळं कोरं. कोपऱ्यातल्या सहीवर यशवंतने बोट ठेवलं. "डाक्टर सबनीस. पार मोठे झाले आता मुंबईत."

ही फाइल नऊ वर्षं 'अपुरं'च्या रॅकवर असायला हवी होती. ती होती सत्तावीसच्या कप्प्यात, पुऱ्या झालेल्या फायलींमध्ये. ती तपासून आत लावली होती मी. नोकरीच्या पहिल्या वर्षातली चूक. ओळ दिसली, सही दिसली, आणि पान भरलेलं आहे असं धरून मी पुढे गेले. हे मी आजवर चारचौघांत कबूल केलं नव्हतं, आता करते. मला फार लाज वाटली, कारण फाइल यशवंतच्या बहिणीची होती.

डॉक्टर मेधांचं म्हणणं सरळ होतं. आत काय कापलं, काय कुठे जोडलं हे ठाऊक असलं, तर ऑपरेशन आखून करता येतं. ठाऊक नसलं, तर चिकटलेल्या आतड्यांत चाचपडत वाट काढायची, आणि हिराबायच्या अंगात त्याला लागणारी ताकद उरलेली नव्हती. "थांबायलाही फार वेळ नाही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा पोट अडलं, तर मला विचार करायलाही सवड मिळणार नाही."

मी डॉक्टर सबनीसांना पत्रं लिहिली. तीन. फोन केले, मोजले नाहीत. "डॉक्टर थिएटरमध्ये आहेत," हे एकच वाक्य पलीकडची बाई इतक्या गोड आवाजात सांगायची, की रागही धड येईना.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात आमचं अधिवेशन ठाण्यात ठरलं.

हॉस्पिटलांचे कागद सांभाळणाऱ्यांचीही संघटना असते आणि तिचं अधिवेशन भरतं हे सांगितलं, की अजूनही लोक हसतात. हसा. जिल्ह्याजिल्ह्यांतून तळमजल्यांवरची माणसं दोन दिवस उजेडात येत, भाषणं ऐकत, आणि बाजूच्या मांडवात रॅकवाले, फायलीवाले, कागदांचे बारीक फोटो काढून ठेवणारे असे सगळे आपापला माल मांडून बसत. त्या वर्षी एकाने चक्क कॉम्प्युटर आणला होता, प्लॅस्टिकच्या झाकणासकट. लोक त्याच्याकडे चपला काढून जात. माजिवड्याला हायवेजवळचं मंगल कार्यालय ठरलं, आणि समितीने 'वक्ते आणि प्रदर्शक' हे खातं माझ्या गळ्यात घातलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

प्रमुख वक्ता कोण, यावर समितीत चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, "डॉक्टर सबनीस." विषयही मीच सुचवला, 'रुग्णाची नोंद पूर्ण का असावी'. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन पत्रांना उत्तर न देणाऱ्या सबनीसांचं 'प्रमुख वक्ते' या शब्दांना चौथ्या दिवशी उत्तर आलं. आनंदाने येतो म्हणून.

मूळ फाइल हॉस्पिटलच्या आवाराबाहेर जात नाही. मी अधीक्षकांची लेखी परवानगी काढली. यशवंतने सत्तावीसच्या कप्प्यात लाल कार्ड ठेवलं, त्यावर मी लिहिलं, 'कारखानीस, माजिवडा'. फाइल त्याच्या कापडी पिशवीत गेली. अधिवेशनाच्या दिवशी हिराबाय पुन्हा वॉर्डात पडून होती, आणि ऑपरेशन त्याच आठवड्यात धरलेलं होतं. सकाळी यशवंत तिला भेटून आला होता. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"बोलली, त्या डाक्टरला सांग, मी अजून जित्ती हाय. सवडीनं लिव म्हणावं."

माझी योजना साधी होती. डॉक्टर आले, की चहा द्यायचा, कोपऱ्यात बसवायचं, फाइल समोर ठेवायची, मगच व्यासपीठावर न्यायचं. सगळं ठरलं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. नावनोंदणीच्या टेबलांवर बिल्ले लावायचं काम आम्ही रेकॉर्डवाल्यांनीच केलं होतं, आणि ते आम्ही लावले होते शेवटच्या दोन आकड्यांवरून.

आमच्या लोकांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. नागपूरचा माणूस आला, पत्रावरचा नंबर पाहिला, बिल्ला उचलला, आत गेला. रत्नागिरीच्या बाई आल्या, एका मिनिटात आत. रांग म्हणून लागली नाही, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वक्त्यांना आणि प्रदर्शकांनाही आम्ही नंबर दिले होते. त्यांच्याबद्दल मात्र विचार करायचा राहिला.

माझा माइकवाल्याशी वाद चालू असताना डॉक्टर सबनीस आले. टेबलाशी पालघरकडचे आमचे एक सज्जन सहकारी होते. पुढचं त्यांनीच नंतर कान धरून सांगितलं. डॉक्टरांनी 'स' कुठे आहे विचारलं. हे म्हणाले, "स नाही सर, शेवटचे दोन आकडे सांगा." डॉक्टर म्हणाले, "कसले आकडे?" नंबर निमंत्रणाच्या दुसऱ्या पानावर होता, आणि दुसरं पान कोण वाचतं? डॉक्टर या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. त्यांना तीनशे लोकांचे बिल्ले दिसले, स्वतःचा सोडून. शेवटी म्हणाले, "ज्यांना आपल्या वक्त्याचं नाव सापडत नाही, त्यांना नोंदींवर भाषण कशाला हवंय?" आणि गाडीकडे चालू लागले.

मला कळलं तेव्हा माइक तसाच सोडला. टेबलाकडे धावले, डोळे मिटूनही सापडला असता असा त्यांचा बिल्ला उचलला. सत्तावीसच्या गठ्ठ्यात होता. तीनशे सत्तावीस. यशवंत पिशवी छातीशी धरून माझ्या पुढे पळत होता.

आता इथे कल्याणच्या नंदूशेठचे उपकार सांगायलाच हवेत. नंदूशेठ लोखंडी रॅक बनवायचे. प्रदर्शनाचा माल आदल्या दिवशी आणा म्हणून मी त्यांना बजावून बजावून थकले होते, आणि त्यांचं प्रत्येक वेळी एकच उत्तर, "मॅडम, टेन्शन नाय घ्यायचं." ते उगवले उद्घाटनाच्या सकाळी. डॉक्टरांची गाडी आत गेल्यावर टेम्पो फाटकात आडवा झालेला, त्यातून रुळांवर सरकणारा भलामोठा रॅक अर्धा बाहेर आलेला आणि अर्धा आत अडकलेला. सकाळपासून मी त्यांना शिव्या घालत होते. आणि त्या टेम्पोच्या मागे डॉक्टर सबनीसांची पांढरी फियाट हॉर्न वाजवत उभी होती.

"मॅडम, दोन मिन्टं," मला पाहताच नंदूशेठ कळवळून म्हणाले. "दोन मिन्टांत काढतो."

"काढू नका," मी म्हटलं. "अजिबात काढू नका."

गाडीच्या खिडकीशी मी बिल्ला पुढे केला. "सर, चूक माझी आहे. आम्ही बिल्ले फायलींसारखे लावले."

डॉक्टरांनी बिल्ल्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्या रेकॉर्ड रूममध्येही असंच शोधता का?"

यशवंतने पिशवीतून फाइल काढली, पान उघडलं आणि खिडकीतून आत धरलं.

"शोधतो की, सर," तो म्हणाला. "फाइल आमाला सापडली. तिच्यातलं तुमचं पान तेवढं नाय सापडत."

डॉक्टरांनी चष्मा बदलला. स्वतःचं अक्षर माणूस ओळखतोच. त्यांनी ती एक ओळ वाचली, मग खालचा कोरा भाग पाहिला, मग पान उलटून पाठ पाहिली. तीही कोरी होती.

"ही बाई कोण?"

"माझी बहीण. मोठी," यशवंत म्हणाला. "वॉर्डात हाय. पोट पुन्हा उघडाचं हाय, आन् आत काय हाय ते कुणाला ठाव नाय."

"मला आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. आवाजातली सगळी चीड गेली होती. "नऊ वर्षं झाली. मी त्याच महिन्यात तुमचं हॉस्पिटल सोडलं." यशवंतची मान खाली गेली. मग डॉक्टर फाइलवर हात तसाच ठेवून म्हणाले, "पण काढलेलं असेल मी. चित्र काढायची सवय आहे मला. प्रत्येक ऑपरेशनचं, माझ्या स्वतःच्या डायरीत. सगळ्या डायऱ्या घरी आहेत. तारीख काय आहे यावर?"

तारीख होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तेवढी तरी लिहिली होती.

कार्यालयाच्या मॅनेजरच्या खोलीत फोन होता आणि त्याच्या डायलला कुलूप होतं. मॅनेजर किल्ली शोधू लागला. त्याच्या टेबलाच्या खणात एवढ्या किल्ल्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. मी आणि यशवंत एकमेकांकडे पाहत राहिलो. अखेर कुलूप निघालं, मुंबईचा नंबर लागला, आणि डॉक्टरांच्या पत्नीने फोन घेतला. त्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, हे नंतर कळलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांना डायरी मिळाली, पान मिळालं. चित्राचं वर्णन त्या इतक्या मोठ्याने करत होत्या, की आम्हालाही ऐकू येत होतं.

"वर एक मोठी कमान आहे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी. खालून एक बारीक नळी येऊन तिला मिळालीय. आणि नैऋत्येला एक तुकडा तोंड बंद करून ठेवलाय. त्यावर तू फुली केलीयस."

डॉक्टर भराभर कागदावर रेघा काढत होते. "फुलीखाली काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे. 'रुग्णाची तब्येत फार नाजूक. हा भाग तूर्त ठेवला. तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून काढणे आवश्यक.' आवश्यकच्या खाली दोन रेघा."

डॉक्टरांचा हात थांबला. मग माझ्याकडे वळून त्यांनी सावकाश समजावलं. आतड्याचा रोगी भाग त्या दिवशी काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बाजूने नवा रस्ता जोडला होता आणि तो भाग बंद गल्लीसारखा आत ठेवला होता. तीन महिन्यांनी तो काढायचाच होता. पण हे लिहिलं होतं फक्त त्यांच्या डायरीत. हॉस्पिटलला माहीत नव्हतं, हिराबायला कुणी सांगितलं नव्हतं. तिला बरं वाटलं, ती पाटी घेऊन बाजारात जाऊन बसली. नऊ वर्षं.

"आज दुखतंय ते त्याचंच," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, फाइल पुढ्यात घेतली आणि लिहायला बसले. आत सभागृहात उद्घाटन उरकलं होतं. मी दुसऱ्या वक्त्यांना आधी उभं करून आले. ते कागदाला लागणाऱ्या वाळवीवर बोलणार होते आणि त्यांना कुणी थांबवलं नाही तर दुपारपर्यंत बोलले असते, म्हणून मला चिंता नव्हती. परत आले तेव्हा डॉक्टरांचं पान पूर्ण झालं होतं. अक्षर सुंदर, शेजारी चित्र. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "तारीख ऑपरेशनच्या दिवसाचीच टाकतो. फाइलमध्ये बरं दिसेल."

"नाही सर. आजची टाका."

"अहो, त्यात किती उशीर झाला ते दिसेल."

"उशीर झालाच आहे. तोही लिहिला पाहिजे," मी म्हटलं. "आणि खाली माझी एक ओळ राहू द्या. फाइल अपुरी असताना मी ती पुरी म्हणून लावली. तेही दिसू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यशवंतकडे. आजची तारीख घातली, सही केली. त्याखाली मी माझी ओळ लिहिली आणि सही केली. ती लिहिताना डोळे भरून आले होते हे सांगायला आता लाज वाटत नाही. मग त्यांनी तिथूनच डॉक्टर मेधांना फोन लावला, सगळं पान वाचून दाखवलं, आणि म्हणाले, "लागलं तर मी मदतीला येतो." पलीकडून काय उत्तर आलं ते डॉक्टर मेधांनीच मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "या ना सर, पण पान मिळालं, तेवढं पुरे आहे."

वाळवीवरचं भाषण मी चिठ्ठी पाठवून संपवलं. डॉक्टर सबनीस व्यासपीठावर गेले तेव्हा त्यांच्या हातात टाइप केलेलं भाषण होतं. ते त्यांनी दुमडून खिशात घातलं.

"रुग्णाची नोंद पूर्ण का असावी," त्यांनी सुरुवात केली, "या विषयावर बोलायला माझ्याइतका नालायक माणूस तुम्हाला महाराष्ट्रात मिळाला नसता. तुमच्या कारखानीसबाईंनी बरोबर शोधून काढला."

त्यांनी हिराबायचं नाव घेतलं नाही, हॉस्पिटलचं घेतलं नाही. स्वतःचं मात्र घेतलं. चित्र स्वतःसाठी काढलं आणि रुग्णाचं पान कोरं सोडलं, हे सरळ सांगितलं. सभागृहात तीनशे माणसं होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाने कुठल्यातरी डॉक्टरमागे लिफ्टपर्यंत धाव घेतलेली होती. असं भाषण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. भाषण संपलं. मग कोल्हापूरचे एक वृद्ध कारकून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हे आमच्याकडच्या डॉक्टरांसाठी कॅसेटवर मिळंल का?"

त्यानंतर जी टाळी झाली ती मी अजून विसरलेले नाही. मांडवातले प्रदर्शकसुद्धा दाराशी येऊन टाळ्या वाजवत होते. कॉम्प्युटरवाल्याने माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "मॅडम, आमचं मशीन सगळं शोधून देईल. पण लिहिलंच नसेल तर तेही काही करू शकणार नाही." मी त्याला म्हटलं, हे वाक्य तुमच्या जाहिरातीत घाला. घातलं नसावं. नंदूशेठचा रॅक जेवणाच्या सुट्टीत एकदाचा टेम्पोबाहेर आला आणि कार्यालयाच्या दारातून आत जाईना. दोन दिवस तो अंगणातच उभा होता आणि लोक त्याच्या कप्प्यांत चहाचे कप ठेवत होते.

हिराबायचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. डॉक्टर मेधा बाहेर आल्या तेव्हा यशवंत जिन्यात बसून होता. "चित्रात होतं तसंच होतं सगळं," त्या म्हणाल्या. "सरळ गेले, काढलं आणि आले." आणि संध्याकाळच्या आत त्यांनी ऑपरेशनची नोंद लिहून माझ्या टेबलावर पाठवली. दोन पानं, चित्रासकट. हॉस्पिटलच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

डॉक्टर सबनीस त्यानंतर चार शनिवार आमच्या तळमजल्यावर आले. डायऱ्यांची पिशवी घेऊन, धोबीखान्याच्या आवाजात बसून त्यांनी स्वतःची एकूण एक राहिलेली फाइल पुरी केली, प्रत्येकीवर त्या दिवसाची तारीख घालून. यशवंत त्यांना चहा द्यायचा आणि बशीत हात पुसायला रुमाल ठेवायचा, शाईचे डाग पडू नयेत म्हणून. बाकीच्या डॉक्टरांच्या फायली मात्र तशाच राहिल्या. सगळ्यांनाच घरी चित्रं काढायची सवय नव्हती, आणि काही तर हयातही नव्हते. मी निवृत्त झाले त्या दिवशी जाताना 'अपुरं'च्या रॅकवर हात फिरवून आले. अजून टोचतं ते.

पण हिराबायचं सांगून थांबते. महिन्याभराने ती टाके दाखवायला आली होती. पाटीसमोरचा जुना आवाज परत आला होता. ती थेट तळमजल्यावर आली आणि दारातच उभी राहून यशवंतला म्हणाली, "माझी फाइल कंची रे? दाखव."

यशवंत सत्तावीसच्या कप्प्याकडे वळला. न पाहता हात घातला, फाइल काढली, जागी लाल कार्ड ठेवलं. हिराबायला वाचता येत नव्हतं. तिने पानं बोटांनी चाळली, डॉक्टर सबनीसांच्या चित्रावर थांबली, माझ्या सहीवरून अंगठा फिरवला.

"आता पुरी झाली ना, बाय?" तिने मला विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "सगळं लिहिलं."

तिने फाइल मिटून भावाच्या हातात दिली.

"मंग ठेव जागेवर," ती म्हणाली. "आन् ते लाल कारड काढून टाक. मी आता काय परत यायची नाय."